जोहान्सबर्गचा ओलाफ कोल्झिग आणि पुण्यातली गोलरक्षक मुलगी: हे उदाहरण कितपत लागू पडते?

कोथरूडकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेली पाच वर्षे ती पुण्यात इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केटवरची हॉकी, खेळते आणि त्यांपैकी तीन वर्षे ती गोलरक्षक आहे. सुरुवातीला संघात त्या जागेवर उभे राहायला कोणी तयार नव्हते म्हणून तिला उभे केले होते; आता मात्र तिला दुसरी कुठलीही जागा नको असते. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही दिल्लीला नातेवाइकांकडे गेलो असताना तिला गुरुग्रामच्या मॉलमधील छोट्या रिंकवर नेले. खऱ्या बर्फावर पाय ठेवण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. पहिला अर्धा तास तिला गुडघे वाकवून उभेही राहता येत नव्हते, पण तासाभराने ती आपण होऊन गुडघ्यांवर बसून डावीकडून उजवीकडे सरकून पाहत होती. परतीच्या गाडीत तिने आम्हाला सांगितले की तिला आइस हॉकीची गोलरक्षक व्हायचे आहे.

घरातील एका ज्येष्ठांचे म्हणणे असे की बर्फावरचे खेळ बर्फाच्या देशातल्या मुलांचे असतात, आणि ज्या वस्तूला तिने वयाच्या तेराव्या वर्षी पहिल्यांदा स्पर्श केला तिच्यावर आयुष्य बेतणे योग्य नाही. त्यांचे म्हणणे खोडून काढावे म्हणून मी शोध घेतला, तेव्हा ओलाफ कोल्झिग हे नाव समोर आले. जन्म दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचा, आणि तरीही तो उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकीच्या लीगमधला १९९९-२००० च्या मोसमाचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. मुलीने त्याचे छायाचित्र अभ्यासाच्या टेबलासमोर लावले आहे. मला मनापासून आनंद झाला, परंतु मी तिला अर्धवट माहितीवर उभी केलेली आशा देत नाही ना, ही शंका जात नाही.

म्हणून जाणकारांना विचारते. कोल्झिगची कारकीर्द नेमकी कशी घडली? उष्ण देशातील मुलांसाठी ते उदाहरण खरोखर उपयोगी आहे का? आणि चाकांवर शिकलेल्या गोलरक्षकाला बर्फावर जाताना काय नव्याने शिकावे लागते?

मेरीलँडवासी यांचे उत्तर

कोथरूडकर, मी १९९५ पासून वॉशिंग्टनच्या उपनगरात राहतो आणि कोल्झिगची जवळजवळ संपूर्ण कारकीर्द मी पाहिली आहे. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

त्याचा जन्म ६ एप्रिल १९७० रोजी जोहान्सबर्गमध्ये जर्मन आईवडिलांच्या पोटी झाला. तो लहान असतानाच कुटुंबाने दक्षिण आफ्रिका सोडली आणि पुढे ते कॅनडात आले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील युनियन बे हे तो आपले गाव मानतो. त्याने कॅनडाचे नागरिकत्व कधी घेतले नाही, जर्मनीचेच ठेवले, आणि त्यामुळे १९९८ च्या नागानो आणि २००६ च्या तुरिन येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो जर्मनीच्या संघात होता. म्हणजे जन्म एका देशातला, खेळाचे शिक्षण दुसऱ्या देशातले आणि अंगावरचा राष्ट्रीय पोशाख तिसऱ्या देशाचा. आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे: जोहान्सबर्गने त्याला जन्मस्थान दिले, गोलरक्षण दिले नाही.

मात्र त्याच्या कारकिर्दीतून आपल्या मुलीने घेण्यासारखे खरोखर काही असेल, तर ते जन्मस्थानापेक्षा फार वेगळ्या जागी आहे, असे मला वाटते. १९८९ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाने खेळाडू-निवडीच्या पहिल्याच फेरीत, एकोणिसाव्या क्रमांकावर त्याची निवड केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम कॅनडाच्या कनिष्ठ लीगमध्ये, ट्राय-सिटी अमेरिकन्सकडून खेळताना, त्याने स्वतः एक गोल केला. त्या लीगमध्ये गोल करणारा तो पहिला गोलरक्षक होता. इतकी गाजावाजा झालेली सुरुवात असूनही वॉशिंग्टनचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक व्हायला त्याला आठ वर्षे लागली. १९८९-९० च्या मोसमात त्याला वरच्या लीगमध्ये दोन सामने मिळाले, दोन्ही संघाने गमावले आणि त्याला परत पाठवण्यात आले. त्यानंतरची वर्षे बाल्टिमोर, रॉचेस्टर, पोर्टलंड अशा दुय्यम लीगच्या शहरांत गेली. १९९४ मध्ये पोर्टलंडने त्या लीगचा काल्डर कप जिंकला आणि त्या बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू कोल्झिग ठरला. एवढे होऊनही वरच्या संघातील जागा दुसऱ्याकडेच राहिली.

याचे कारण गोलरक्षकाच्या जागेतच आहे. आघाडीच्या खेळाडूंची बारा जणांची फळी असते; त्यांतला एखादा तरुण शेवटच्या त्रिकुटात शिरून हळूहळू वर सरकू शकतो. गोलजाळी एकच असते आणि तिच्यासमोर एकच जण उभा राहतो. आपल्यापुढचा गोलरक्षक निरोगी आणि सुरात असेल, तर आपण कितीही तयार असलो तरी बाकावरून त्याचा खेळ पाहण्यावाचून दुसरे काही हाती नसते.

१९९६ च्या एप्रिलमधील २४ तारीख मला कायमची लक्षात राहिली आहे. त्या मोसमात वॉशिंग्टनचा जिम कॅरी हा लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला होता, परंतु बाद फेरीत त्याचा सूर हरवला आणि पिट्सबर्गविरुद्धच्या चौथ्या सामन्यात कोल्झिग उभा राहिला. बाद फेरीत बरोबरी झाली तर पुढचा गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांची सत्रे चालूच राहतात. मला अमेरिकेत येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर मी लँडओव्हरच्या स्टेडियममध्ये गेलो होतो. साठ मिनिटांचा नेहमीचा खेळ संपला, नंतर एक सत्र, दुसरे, तिसरे आणि चौथेही सुरू झाले. मधल्या काळात वॉशिंग्टनच्या जो जुनोला पेनल्टी शॉट मिळाला होता, तो अडवला गेला. अखेर जादा वेळेची ७९ मिनिटे आणि १५ सेकंद झाल्यावर, मध्यरात्र उलटून दोन वाजून गेल्यावर, पीटर नेडवेडने गोल केला आणि वॉशिंग्टन २-३ असे हरले. कोल्झिगने त्या रात्री ६२ फटके अडवले होते. खेळाचे नियमही मला तेव्हा धड ठाऊक नव्हते, पण मास्क वर करून पाणी पिणारा तो धिप्पाड माणूस आणि रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्या मला आजही दिसतात. त्या रात्रीनंतर मी हा खेळ सोडला नाही.

एवढा खेळ करूनही पुढच्या मोसमात त्याला जागा मिळाली नाही. कॅरीला बॉस्टनला देऊन संघाने बिल रॅनफर्ड हा अनुभवी गोलरक्षक आणला. १९९७-९८ च्या मोसमातील पहिल्याच सामन्यात रॅनफर्ड जखमी झाला, कोल्झिग आत आला आणि मग ती जागा त्याने दहा वर्षे सोडली नाही. त्या मोसमात त्याने ३३ विजय मिळवले. बाद फेरीत बॉस्टन, ओटावा आणि डॉमिनिक हाशेक हा गोलरक्षक असलेल्या बफेलोला हरवून वॉशिंग्टन पहिल्यांदाच स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोहोचले. बफेलोविरुद्धचा निर्णायक गोल जादा वेळेत केला तो त्याच जो जुनोने. अंतिम फेरीत डेट्रॉइटने ४-० असा धुव्वा उडवला असे आकडे सांगतात, परंतु त्यांतले पहिले तीन सामने केवळ एकेका गोलाने गेले होते. त्या बाद फेरीत कोल्झिगने त्याच्यावर आलेल्या शंभरांपैकी सरासरी ९४ फटके अडवले.

१९९९-२००० मध्ये ७३ सामने, ४१ विजय आणि लीगच्या सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी हे त्याच्या कारकिर्दीचे शिखर. संघांचे महाव्यवस्थापक मतदानाने ही ट्रॉफी ठरवतात. तरुणपणी तो गोल खाल्ल्यावर स्टिक आपटून मोडत असे; गोलरक्षकांचे प्रशिक्षक डेव्ह प्रायर यांच्याबरोबरच्या कामामुळे आपण शांत झालो, हे श्रेय त्याने त्यांना दिलेले आहे. २००६ मध्ये त्याला समाजकार्यासाठी किंग क्लॅन्सी ट्रॉफी मिळाली; स्वमग्न मुलांसाठी खेळाडूंची संघटना उभारणाऱ्यांपैकी तो एक होता.

शेवट मात्र कठीण होता आणि तोही मुलीला सांगावा. २००८ च्या फेब्रुवारीत संघाने क्रिस्टोबाल ह्युए याला आणले. मार्चमध्ये कोल्झिगने आपला तीनशेवा विजय मिळवला खरा, पण बाद फेरीत तो बाकावरच बसून राहिला. पुढचा मोसम टँपा बेकडे गेला, त्यात दुखापत झाली आणि २००९ मध्ये तो निवृत्त झाला. एकूण ३०३ विजयांपैकी ३०१ वॉशिंग्टनसाठी होते. नंतर तो याच संघात गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून परतला.

सॅन होजेहून यांचे उत्तर

मेरीलँडवासी यांनी कारकीर्द फार आत्मीयतेने मांडली आहे. उदाहरणाच्या मर्यादेबद्दल मात्र मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे, कारण माझा मुलगा कॅलिफोर्नियात गोलरक्षक म्हणून वाढला आणि याच प्रश्नाशी आम्ही दहा वर्षे झगडलो आहोत.

कोल्झिग ‘उष्ण देशातला’ म्हणणे दोन्ही बाजूंनी अपुरे आहे. जोहान्सबर्ग सुमारे १७५० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या जून-जुलैच्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. दक्षिण आफ्रिका १९३७ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची सदस्य आहे. त्या देशात हा खेळ मूळ धरू शकला नाही याचे कारण केवळ हवामान नव्हे. रिंक मोजक्या आणि चांगल्या स्पर्धा त्याहून मोजक्या. उलट कोल्झिग ज्या युनियन बे गावाचा म्हणवतो ते व्हँकुव्हर बेटावर आहे, आणि कॅनडाच्या मानाने तिथला हिवाळा सौम्य, पावसाळी असतो. तिथले मूलही गोठलेल्या तळ्यावर नव्हे, तर छपराखालच्या रिंकवरच शिकते. म्हणून ‘बर्फाचा देश’ आणि ‘उष्ण देश’ ही विभागणीच मला फसवी वाटते. मुलाच्या घरापासून रिंक किती मिनिटांवर आहे, आठवड्यातून किती तास बर्फ मिळतो आणि गोलरक्षकाला वेगळे शिकवणारे कोणी आहे का, हे विचारावे.

आपल्या मुलीसाठी अधिक जवळची उदाहरणे हवी असतील, तर दोन नावे देतो. थॅचर डेमको १९९५ मध्ये सॅन दिएगोत जन्मला आणि तिथेच खेळायला शिकला. त्या शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर बारा महिने माणसे पोहताना दिसतात. पुढे तो अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमात आणि मग बोस्टन कॉलेजच्या संघात गेला. २०१४ मध्ये व्हँकुव्हरने त्याला ३६ व्या क्रमांकावर निवडले आणि २०२३-२४ च्या मोसमात ३५ विजय मिळवून तो व्हेझिना ट्रॉफीच्या अंतिम तिघांत आला. दुसरा डस्टिन वुल्फ, २००१ चा जन्म, तोही कॅलिफोर्नियात वाढलेला. एनएचएलच्या गोलरक्षकांच्या मानाने तो बुटका, सहा फुटांचा. २०१९ मध्ये कॅलगरीने त्याला सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत २१४ व्या क्रमांकावर घेतले, आणि त्याच्यानंतर त्या वर्षी फक्त तिघांची निवड झाली. २०२४-२५ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम नवोदित खेळाडूच्या अंतिम तिघांत होता. उंचीची उणीव त्याने पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, कुठे जाणार हे आधी वाचून आणि सरकण्यातील अचूकतेने भरून काढली.

परंतु हे दोघेही किशोरवयातच घर सोडून गेले, हे मी लपवू इच्छित नाही. उष्ण प्रदेशात चांगला पाया घालता येतो; एका टप्प्यानंतर मात्र दर आठवड्याला बरोबरीच्या खेळाडूंचे फटके झेलावे लागतात आणि ते मिळतील तिथे जावे लागते. माझा मुलगा सोळाव्या वर्षी मिनेसोटाला जाऊ शकला असता. आम्ही पाठवले नाही. तो आज महाविद्यालयाच्या हौशी संघात आनंदाने खेळतो, आणि तो निर्णय बरोबर होता की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

कोथरूडकर

दोघांचेही आभार. मुलीला मी दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. आठ वर्षे थांबण्याचा भाग ऐकून ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने विचारले की त्या आठ वर्षांत तो रोज काय करत असेल. वुल्फचे नाव तिने वहीत लिहून घेतले आहे, कारण तिची उंचीही वर्गात सर्वांत कमी आहे. चाकांवरून बर्फावर जाण्याबद्दल आणि भारतातील मार्गाबद्दल कोणी लिहू शकेल का?

चाके आणि पाती यांचे उत्तर

मी पुण्यात इनलाइन हॉकीच्या गोलरक्षकांना शिकवतो आणि गेली काही वर्षे हिवाळ्यात लेहला जाऊन बर्फावर सराव करतो. दोन्हींची तुलना रोजच करावी लागत असल्याने तेवढ्यापुरते लिहितो.

जे थेट सोबत येते ते पुष्कळ आहे. कोन कमी करण्यासाठी जाळीपासून किती पुढे यायचे, फटका मारणाऱ्याच्या देहाकडे न पाहता पककडे कसे पाहायचे, पकडीचा हातमोजा गुडघ्याच्या पुढे कसा धरायचा, पलीकडच्या खेळाडूला पास जाण्याआधी डोके कसे वळवायचे, हे सगळे चाकांवर शिकलेले बर्फावर वाया जात नाही. इनलाइनमध्ये ऑफसाइड नसते आणि मैदानावर प्रत्येकी चारच खेळाडू असल्यामुळे मोकळी जागा जास्त मिळते. गोलरक्षकावर एकटा धावून येणारा खेळाडू आपल्या मुलांनी इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्याचे भय उरत नाही.

नव्याने शिकावे लागते ते सरकणे. आपल्याकडच्या सिमेंटच्या किंवा फरशीच्या रिंकवर गुडघ्यांवर बसलेला गोलरक्षक जिथे बसतो तिथेच जवळजवळ अडकतो, म्हणून आपली मुले उभी राहून किंवा पाय फेकून फटका अडवायला शिकतात. बर्फावर गुडघे खाली, पावले बाहेर अशा स्थितीत, ज्याला सगळे बटरफ्लाय म्हणतात, मागच्या पात्याच्या आतल्या कडेने ढकलले की सबंध देह पॅडवरून जाळीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत घसरत जातो. जाळी १८३ सेंटिमीटर रुंद असते. ते अंतर एका ढकलीत कापून नेमके खांबाशी थांबता येणे हा बर्फावरच्या गोलरक्षणाचा गाभा आहे, आणि तुमची मुलगी पहिल्याच दिवशी आपण होऊन तेच करून पाहत होती हे वाचून मला फार बरे वाटले. दुसरी गोष्ट पातीची. गोलरक्षकाच्या स्केटची पाती इतर खेळाडूंपेक्षा लांब आणि सपाट असते. चाकांवर थांबताना जो जोर आपण देतो तोच तिथे दिला तर कडा बर्फात रुतून पाय मुरगळतो. तिसरी गोष्ट पकची. तो सुमारे १७० ग्रॅम वजनाचा असतो आणि फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. त्याची सवय होईपर्यंत छातीचे आणि गळ्याचे संरक्षण दुसऱ्याचे वापरलेले, सैल झालेले असता कामा नये. पॅड उसने घेतले तरी चालतील.

आता भारतातील मार्ग. आपल्या राष्ट्रीय महिला संघाचा कणा लडाख आणि हिमाचलच्या मुली आहेत. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून पैसे जमवून हा संघ तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. त्या पहिल्या पिढीतील गोलरक्षक नूर जहाँ यांनी पुढे लडाखमध्ये मुलींसाठी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. लेहमध्ये आता कृत्रिम बर्फाची सोय झाली आहे आणि डेहराडूनची मोठी रिंक, जी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेनंतर कित्येक वर्षे बंद पडून होती, ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातल्या मुलीला ही दोन ठिकाणे आणि गुरुग्रामची रिंक धरूनच वर्षाचे वेळापत्रक आखावे लागेल.

माझी सूचना अशी. मार्चपर्यंत तिला चाकांवरच ठेवा, पण घरी गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंजीचे तुकडे गुडघ्यांखाली घेऊन बटरफ्लायमधले सरकणे रोज वीस मिनिटे करू द्या. मांडीच्या आतल्या स्नायूंना आणि नितंबाच्या सांध्याला ताण सवयीचा व्हायला हवा आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत डेहराडूनला सलग दहा-बारा दिवस बर्फ मिळतो का ते आधी फोन करून पाहा, कारण वर्षभर विखुरलेल्या चार भेटींपेक्षा सलग दहा दिवसांत पाती अधिक अंगवळणी पडते. त्यानंतर जानेवारीत लेह. तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस तिला बर्फावर उतरवू नका. सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत पूर्ण पॅड बांधून चार वेळा खाली बसून उठले तरी पुण्याच्या मुलांना धाप लागते, आणि थकलेला गोलरक्षक हात खाली आणतो. तिची जुनी चाकांची पॅड मला एकदा पाहायला मिळाली तर त्यांच्या आतल्या बाजूला सरकण्यासाठी पट्टी लावता येईल का, हे सांगू शकेन.